कृपेचं दार : पंडिता रमाबाईंची गोष्ट

आजचा शास्त्रभाग : रोमकरांस पत्र ३:२१-३१ (सोबत योहान ४ वाचा)



आजच्या शास्त्रभागात पौल तीन मोठे शब्द एकत्र आणतो : विश्वास, नीतिमत्त्व आणि नियमशास्त्र. संडे स्कूलपासून आपण हे शब्द ऐकत आलोय. पण ऑफिसातल्या एखाद्या मित्राने डबा खाताखाता विचारलं, की देवासमोर नीतिमान ठरणं म्हणजे नेमकं काय रे, तर आपल्यापैकी किती जणांना साध्या मराठीत सांगता येईल? म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवूया आणि एका बाईचं आयुष्य बघूया. हे तिन्ही शब्द त्यात सापडतात.

पंडिता रमाबाई. नाव माहीत नाही असा मराठी ख्रिस्ती माणूस विरळाच. शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारक म्हणून भेटतात, चर्चमध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिका म्हणून. पण त्यांच्या आयुष्यातला एक टप्पा फारसा सांगितला जात नाही. बाप्तिस्मा होऊन जवळजवळ आठ वर्षं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्तावर जीव टाकून विसंबणं अजून राहिलंच आहे. हे त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. आजच्या वचनाचा गाभा नेमका तिथेच आहे. तिथपर्यंत कसं पोचायचं, ते सुरुवातीपासून बघू.

पुण्याची शिदोरी

२३ एप्रिल १८५८. सह्याद्रीत, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात रमाचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. त्यांनी त्या काळात आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, आणि त्याबद्दल पंडितांच्या सभेत जाब द्यायची वेळ आली तेव्हा शास्त्रांचेच आधार देऊन आपली बाजू मांडली. पुढे आईनेच रमाला शिकवलं. पहाटे, घरची कामं सुरू व्हायच्या आधी, धडे चालायचे.

रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेला निघालं. तान्ह्या रमाला वेताच्या पेटीत ठेवून एक माणूस ती पेटी डोक्यावर घेऊन डोंगर उतरला. त्यानंतर वर्षानुवर्षं भटकंती. देवळात नाहीतर नदीकाठी बसून पुराण सांगायचं, लोक जे ठेवतील त्यावर राहायचं, उरेल ते दान करायचं. उपासतापास, स्नानं, व्रतं, प्रदक्षिणा, जप यांतलं काही चुकवायचं नाही. अनंतशास्त्री ढोंगी नव्हते, हे आधी लक्षात घ्या. देव भेटावा, पाप धुतलं जावं, यासाठी त्यांनी जवळचं सगळं खर्च केलं. पौल रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात आपल्याच लोकांच्या आवेशाबद्दल आदराने आणि तळमळीने लिहितो ना, तसा हा आवेश होता.

मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार आणि दक्षिणा कोण देणार? मजुरी करायची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज. दागिने गेले, चांगले कपडे गेले, स्वयंपाकाची भांडीसुद्धा गेली. त्यातलाही पैसा देवकार्याला आणि दानधर्माला गेला, कारण शास्त्रात सांगितलंय ते सगळं पूर्ण केलं की देव पावेल अशी खात्री होती. शेवटी जंगलातला पाला खाऊन दिवस काढले. वडिलांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी जलसमाधी घ्यायचंही ठरवलं होतं, पण मुलगा श्रीनिवास मजुरी करायला तयार झाला आणि ते टळलं. तरी उशीर झाला होता. वडील गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. आईला न्यायला चार खांदेकरी मिळेनात. दोन माणसं कशीबशी आली, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. ती बुटकी, खांद्यापर्यंत तिरडी पुरेना, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली. स्मशान सुमारे तीन मैल दूर होतं. पुढे मोठी बहीणही गेली.

जाण्याआधी वडिलांनी रमाला जवळ घेऊन सांगितलं होतं, की मी तुला देवाच्या हाती सोपवलंय, तू त्याचीच राहा आणि जन्मभर त्याची सेवा कर. हा निरोप रमाबाई कधीच विसरल्या नाहीत.

इथे क्षणभर थांबूया. नियम पाळणाऱ्याचं मन कसं चालतं, ते या कुटुंबात दिसतं. एक व्रत केलं, फळ दिसलं नाही, म्हणजे काहीतरी राहिलं असणार. मग दुसरं करा. तरी नाही? मग आणखी कडक करा. एवढं पुरे झालं, हे सांगणारं कुणी नसतंच. ही काही एकाच धर्माची गोष्ट नाही. पौल परूशी होता, नियमशास्त्रात बोट ठेवायला जागा नाही असं जगला होता, आणि त्यालाही याच रस्त्यावर थांबावं लागलं.

शास्त्रांमध्ये शोधलेली जागा

आईवडील गेल्यावर रमा आणि श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडले, पार काश्मीरपर्यंत. १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोचले. संस्कृतमध्ये अस्खलित बोलणारी वीस वर्षांची मुलगी बघून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला सरस्वती ही पदवी दिली आणि पंडिता हे नाव तिला कायमचं चिकटलं.

कलकत्त्यातच या भावंडांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना बघितली. लोक गुडघे टेकून, खुर्च्यांकडे तोंड करून डोळे मिटून बसलेले. या दोघांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय! तिथे कुणीतरी संस्कृत बायबलही दिलं. रमेने ते वाचून बघितलं, पण भाषा आणि विचार इतका परका वाटला की तिने ते बाजूला ठेवून दिलं. म्हणून तुमच्या वर्गमित्राला पहिल्याच भेटीत सुवार्ता कळली नाही तर निराश होऊ नका.

पुढे काही पंडितांनी तिला विनंती केली, की स्त्रियांना शास्त्राप्रमाणे त्यांचा धर्म काय ते समजावून सांग. त्यासाठी ती धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचायला बसली. तिथे तिला काय दिसलं, ते तिने पुढे आपल्या साक्षीत मांडलं. बाकी बऱ्याच बाबतींत ग्रंथांचे आपसांत मतभेद आहेत, पण स्त्रीला स्वतःच्या बळावर मोक्षाचा अधिकार नाही यावर त्यांचं एकमत आहे, असं तिचं वाचन होतं. या मताशी आज कुणी वादही घालेल. पण ती वाचणारी बाई तिथे आपल्यासाठी, आपल्या आईसाठी जागा शोधत होती, आणि तिला ती सापडली नाही, एवढं खरं.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, विवाह नोंदणी पद्धतीचा. १८८१ मध्ये मनोरमा झाली. नवऱ्याच्या पुस्तकांत तिला लूकचं शुभवर्तमान बंगालीत मिळालं आणि ती आवडीने वाचू लागली. पण १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेलेले, आणि कडेवर तान्ही मुलगी.

रमाबाई पुण्याला आल्या. त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल आणि स्त्री डॉक्टरांच्या गरजेबद्दल साक्ष दिली. वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकायला कमी येत असल्यामुळे ते शिक्षण झालंच नाही. पण देवाने तिथे त्यांच्यासाठी वेगळंच काहीतरी ठेवलं होतं.

फुलममधली बायका आणि विहिरीवरची बाई

वाँटेज नावाच्या गावी सेंट मेरीच्या सिस्टरांकडे रमाबाईंचा मुक्काम होता. या सिस्टरांचं एक काम लंडनच्या फुलम भागात चालायचं. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. रमाबाई ते बघायला गेल्या. तिथे त्यांना अशा बायका भेटल्या, ज्या एके काळी तिथेच आश्रयाला आल्या होत्या आणि आता स्वतः आजारी आणि दुबळ्या लोकांची सेवा करत होत्या. चेहऱ्यावर ना लाज, ना भीती.

रमाबाई चक्रावल्या. अशा बाईला शिक्षा सांगणारे नियम त्यांना माहीत होते. तिला प्रेमाने घरात घेऊन पुन्हा उभं करणारा धर्म त्यांनी कधी बघितला नव्हता. त्यांनी सिस्टरांना विचारलं, की तुम्ही हे का करता? त्यावर सिस्टरांनी वाद घातला नाही. योहानाचा चौथा अध्याय उघडला आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

तुम्हीही आज तो अध्याय या नजरेने वाचा. नियमाप्रमाणे ती बाई सगळ्याच बाजूंनी नापास होती. जात चुकीची, देऊळ चुकीचं, संसार मोडलेला. येशू तिला आधी सुधार, मग ये, असं सांगत नाही. आधी पाणी मागतो. मग जिवंत पाणी देऊ करतो. तिचं पाप झाकतही नाही, ते तिच्यासमोर उघडपणे बोलतो. आणि तरी तिच्यापासून दूर सरकत नाही. डोंगर खरा की यरुशलेम खरं, या तिच्या प्रश्नावर तो म्हणतो, की खरी उपासना जागेवर ठरत नाही, ती आत्म्याने आणि खरेपणाने होते. पायांनी हजारो मैल तीर्थं मोजलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, विचार करा. स्त्रियांना आणि दलितांना वर उचलायला समर्थ असा कुणी असेल तर तो हाच, असं रमाबाईंना त्या दिवशी पटलं.

फादर नेहेम्या गोरे, म्हणजे आधीचे नीळकंठशास्त्री गोरे, यांच्या लिखाणानेही त्यांच्या बऱ्याच शंका दूर केल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजमध्ये रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपली असं आपल्याला वाटतं. बाप्तिस्मा झाला, हालेलुया, फोटो काढा, स्टेटस टाका. पण रमाबाईंची गोष्ट इथे संपत नाही.

आठ वर्षं

बाप्तिस्म्यानंतरची रमाबाईंची पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यात एक प्रामाणिक आणि झगडणारी बाई दिसते. त्या शाकाहारीच राहिल्या. अंडंसुद्धा खात नाहीत, म्हणजे जुना अभिमान अजून सुटला नाही, असा काहींनी ठपका ठेवला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या लोकांना लॅटिन कुठे कळतं, त्यापेक्षा संस्कृत चालेल की, असं त्यांनी म्हटलं. तेही काहींना आवडलं नाही. त्रैक्याबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल त्यांचे प्रश्न संपत नव्हते. रमाबाई एका नियमांच्या घरातून बाहेर पडल्या होत्या, आणि आता नवे घरमालक नवी नियमावली दाखवत होते. सिस्टर मंडळी वाईट नव्हती. प्रेमानेच करत होती. पण काय खायचं, कोणता क्रूस घालायचा आणि कुणाचं ऐकायचं यावरच कुणाचा विश्वास तपासला जाऊ लागला, की गलतीया इथल्या मंडळीत सुंतेवरून जे झालं तेच पुन्हा व्हायला लागतं.

रमाबाईंनीही उत्तर बुद्धीने शोधलं. त्या वाद घालायच्या, पुस्तकं वाचायच्या, निरनिराळ्या पंथांच्या उपासना बघायच्या. काम तर प्रचंड चाललेलं. १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींना डॉक्टर होताना बघितलं. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली, पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. धोंडो केशव कर्वे यांच्या पुढे पत्नी झालेल्या गोदूबाई या सदनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनी.

म्हणजे बघा, बाहेरून बघणाऱ्याला काय कमी दिसेल? बाप्तिस्मा झालाय. बायबल रोज वाचलं जातंय. सेवा इतकी, की आपल्यापैकी दहा जणांनी मिळून होणार नाही. आणि आत मात्र भूक. पाप केलेलं आठवतं, ते कसं मिटणार हे कळत नाही. आपण चांगले झालो का, हा प्रश्न सुटत नाही.

अशा दिवसांत, १८९१ च्या सुमाराला, त्यांच्या हाती एक पुस्तक पडलं. विल्यम हॅसलम नावाच्या कॉर्नवॉलमधल्या एका इंग्रज पाळकाचं ते आत्मचरित्र होतं. या पाळकाची कथा विलक्षण आहे. चर्चचे सगळे विधी तो मनापासून, काटेकोरपणे पाळायचा, आणि एके दिवशी वेदीवरून उपदेश करता करता त्याचं स्वतःचंच हृदय बदललं. समोरच्या लोकांतून ओरड झाली, की आज पाळकसाहेबांचंच परिवर्तन झालं!

ते वाचताना रमाबाईंना आपलंच आयुष्य दिसलं. त्यांनी स्वतःलाच विचारलं, की माझा असा नवा जन्म झालाय का? आणि मग त्या पवित्र शास्त्राकडे नव्याने वळल्या. आत्तापर्यंत त्या एक चांगला धर्म शिकत होत्या. ज्याने आपल्यासाठी प्राण दिला त्याच्या बलिदानावर पूर्ण भार टाकायचा आणि देवाने केवळ त्या विश्वासावर आपल्याला नीतिमान ठरवायचं, ही गोष्ट त्यांनी डोक्याने ऐकली होती, पण स्वतःसाठी घेतली नव्हती. आता त्यांनी ती घेतली. मी अमुक झाल्यावर देवाकडे येईन, हे सोडून दिलं. आहे तशी, पापासकट, रिकाम्या हाताने येशूकडे आले, एवढंच. आणि ज्या समाधानासाठी त्यांच्या आईवडिलांनी भांडी विकून दान दिलं होतं, ते समाधान त्यांना फुकट मिळालं.

रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय हेच समजावतो. मजूर दिवसभर राबला आणि संध्याकाळी मजुरी मिळाली, तर ती कुणाची मेहेरबानी नसते, ते त्याचं देणं असतं. नीतिमत्त्व तसं मिळत नाही. देव ते विश्वास ठेवणाऱ्याच्या नावावर जमा करतो. तुमच्या खात्यात दुसऱ्याने पैसे भरावेत आणि तुमचं कर्ज फिटावं, तसं. भरणाऱ्याला मात्र पूर्ण किंमत मोजावी लागली, वधस्तंभावर. म्हणून पौल म्हणतो, की इथे बढाई मारायला जागाच उरत नाही. रमाबाई पंडिता होत्या, पण या दारातून त्यांनाही शोमरोनी बाईच्या मागोमाग रांगेत उभं राहूनच आत यावं लागलं.

मग नियमाचं काय?

आता तुमच्यातला कुणीतरी विचारणारच. सगळं फुकट, तर मग आज्ञा कशाला पाळायच्या? विश्वास आहे ना, बास, मजा करा! हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता. आजच्या भागाचं शेवटचं वचन त्याचंच उत्तर आहे. विश्वासामुळे नियमशास्त्र रद्द होत नाही, उलट ते पक्कं होतं.

ते कसं, हे रमाबाईंच्या पुढच्या तीस वर्षांत बघायला मिळतं.

शारदा सदनात कुणावर धर्माची सक्ती नव्हती. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, आणि ज्या मुलींना वाटेल त्या येऊन बसायच्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं. पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या मोठमोठ्या लोकांनी साथ दिली होती त्या रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनीही अंग काढून घेतलं. दार लावून घेतलं असतं तर संस्था आणि नाव दोन्ही सांभाळता आलं असतं. त्यांनी दार उघडंच ठेवलं. लोकांनी चांगलं म्हणण्यावर त्यांचं नीतिमत्त्व आता अवलंबून नव्हतं, म्हणून हे जमलं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातमी आली आणि रमाबाईंना आपले जंगलातले दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ मुली, बालविधवा यांना घेऊन आल्या, तीनशेच्या आसपास. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला, त्यांनी घेतलेल्या शेतावर या मुलींना नेलं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. दोन हजार तोंडांचा रोजचा स्वयंपाक! विणकाम, शेती, तेलघाणी, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. प्रत्येकीच्या हाताला काम आणि डोक्याला शिक्षण. शिस्त होती, वेळापत्रक होतं, नियमही होते. पण ते नियम पाळून कुणी आत येत नव्हतं. आधी ताट, अंथरूण आणि आईची माया मिळायची. नियम त्यानंतर.

आणि मुक्तीतच एक खास विभाग होता. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी. फुलममध्ये बघितलेलं ते काम रमाबाईंनी केडगावच्या मातीत लावलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं कृपा सदन.

नियम काय सांगतो? देवावर पूर्ण मनाने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. ही आज्ञा स्वतःला वाचवण्यासाठी पाळायला गेलं, तर शेजारी हे पुण्य मिळवायचं साधन होऊन बसतो. ज्याचं तारण आधीच झालंय, त्याला शेजाऱ्याकडून काही मिळवायचं नसतं, म्हणून तो खरी प्रीती करू शकतो. याकोब म्हणतो, की कृतीशिवाय विश्वास मेलेला आहे. पौल म्हणतो, की कृतीने कुणी नीतिमान ठरत नाही. दोघांचं भांडण आहे असं वाटतं, पण केडगावला जाऊन बघितलं तर भांडण मिटतं. मूळ आणि फळ, दोन्ही एकाच झाडाचे. फळं बांधून झाडाला मूळ फुटत नाही, आणि मूळ जिवंत असेल तर फळ आल्याशिवाय राहत नाही.

शेवटचं काम

रमाबाईंच्या आयुष्यातलं शेवटचं मोठं काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. गंमत बघा, संस्कृतवर इतकं प्रभुत्व असलेल्या या बाईंनी जड संस्कृत शब्द मुद्दाम टाळले. खेड्यातल्या, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला वाचता यावं, हा हट्ट. खिळे जुळवणं, छपाई हे मुक्तीतल्या स्त्रियांनीच केलं. ज्यांना शास्त्र वाचायचा अधिकार नाही असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं, त्यांच्याच हातांनी शास्त्र छापलं जात होतं.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. सगळं काम जिच्यावर सोपवायचं तीच आधी गेली. रमाबाईंनी भाषांतर सोडलं नाही. ते काम पूर्ण केलं आणि त्यानंतर थोड्याच काळात, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावला त्या प्रभूकडे गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

वडिलांनी मरताना मुलीला देवाच्या हाती सोपवलं होतं. देवाने ती ठेव सांभाळली.

आज आपल्यासाठी

आपल्यापैकी बरेच जण जन्मापासून चर्चमध्ये आहेत. पण नियमांची यादी प्रत्येकाच्या मनात असतेच. बायबल अ‍ॅपवरची सलग दिवसांची मोजणी तुटली, की वाटतं देव रागावला. महिनाभर उपवास-प्रार्थना नीट झाली, की वाटतं आता नोकरीचं काम होणारच, देवाकडे आपलं काहीतरी येणं आहे. चुकून एखादं पाप घडलं, की आठवडाभर प्रार्थनेलाच बसत नाही, कारण आधी जरा चांगलं वागून दाखवू, मग तोंड दाखवू. आणि जो चर्चला येत नाही, किंवा आपल्यापेक्षा वेगळं खातो-पितो, त्याच्याकडे आपण कोणत्या नजरेने बघतो? हे सगळं नियमाच्या जोरावर नीतिमान व्हायला बघणंच आहे, फक्त कपडे ख्रिस्ती आहेत.

वाचन सोडा असं मी म्हणत नाही. उपवास, प्रार्थना, दशांश, आज्ञापालन, सगळं करा, आनंदाने करा. पण आत शिरण्यासाठी करू नका. दार येशूने उघडलेलं आहे. आत या, जेवा, मग उठून दुसऱ्याचं ताट वाढा.

मनन करण्यासाठी :
१. देव मला स्वीकारतो असं मला कोणत्या दिवशी जास्त वाटतं? आणि कोणत्या दिवशी कमी? का?
२. माझ्या ओळखीत अशी कोण व्यक्ती आहे, जिला मी आधी सुधार, मग ये, असं मनात म्हणतोय?

प्रार्थना : हे प्रभू येशू, माझ्याजवळ तुला द्यायला चांगुलपणाची शिदोरी नाही. जी होती ती वाटेतच संपली. तू माझ्यासाठी केलंस त्यावर मी आज विसंबतो. मला तुझ्या नीतिमत्त्वाने झाक. आणि ज्या कृपेने मला आत घेतलंस, त्याच कृपेने माझं दार दुसऱ्यासाठी उघडं ठेव. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.